अर्ध्या र ने खाल्लेलं वर्ष: वाचनालयाची यादी कॉम्प्युटरवर घेताना

आमच्या वाचनालयाची सगळी यादी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलं आणि २७ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, ती वाचकांसाठी खुली झाली. वर्ष गेलं. त्यातला निम्मा वेळ तरी एकाच अक्षराने खाल्ला असेल. दुसऱ्या, वऱ्हाड, शेतकऱ्यांचा अशा शब्दांत य च्या नाहीतर ह च्या डाव्या अंगाला जी छोटी आडवी रेघ चिकटते ना, तो अर्धा र. ज्यांना असलं काम करायचंय, मग ती वाचनालयाची यादी असो, सोसायटीच्या सभासदांची असो की घरातली वंशावळ, त्यांच्यासाठी हे सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

वाचनालय सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं, शासनमान्य ब वर्ग. पुस्तकं साडेअकरा हजारांच्या आसपास. मी कार्यकारी मंडळावर आहे, पोटापाण्यासाठी एका पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे 'याला एक्सेल येतं' या एका वाक्यावर काम माझ्या गळ्यात पडलं. तोपर्यंत मराठी टायपिंग म्हणजे फोनवर वाढदिवसाच्या शुभेच्छा इतपतच.

आधी ठराव झाला. मग तीन दरपत्रकं मागवायची, कारण लेखापरीक्षणात तेच विचारतात. नोंदीला साडेतीन रुपयांपासून सहा रुपयांपर्यंत भाव आले. आम्ही चार रुपयेवाला घेतला, गावातलाच डीटीपीवाला, लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल वर्षानुवर्षं तोच करतो. धनादेशावर अध्यक्ष आणि कार्यवाह दोघांच्या सह्या लागतात आणि अध्यक्ष तेव्हा मुलाकडे पुण्याला, त्यामुळे आगाऊ रक्कम द्यायलाच एप्रिल उजाडला. इथे एक सांगतो, कार्यादेशात 'युनिकोडमध्येच टाईप करून, एक्सेल फाईलमध्ये' असं स्पष्ट लिहा. आम्ही लिहिलं होतं म्हणून पुढे वाद झाला नाही, नाहीतर जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून फाईल हातात दिली असती आणि 'मराठीतच तर आहे' म्हणाले असते.

जुन्या फॉन्टचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंदाजे निम्म्या पुस्तकांची यादी २००८ साली कुणीतरी टाईप करून ठेवलेली होती, ती कपाटातल्या सीडीवर सापडली. उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टोप्या घातलेले ए आणि ओ. तेव्हाचे हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे. फाईलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजीच, फक्त चेहरा मराठी. तो फॉन्ट नसला की चेहरा गेला. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट कुठलाही लावा. तर ती जुनी यादी एका फुकट मिळणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली आणि खरं सांगायचं तर निकाल बघून सगळे खूष झालो. पाच-साडेपाच हजार नोंदी एका दुपारी मराठीत.

बाकीच्या नोंदींपैकी बऱ्याच डीटीपीवाल्याने केल्या. मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेजची चार-पाच पोरं-पोरी रोज संध्याकाळी येऊन बसायची, त्यांनी बालविभाग आणि मासिकांचे बांधीव अंक फोनवरून टाईप केले. आणि एक गठ्ठा, कादंबऱ्यांचा, एका सॉफ्टवेअरवाल्याकडे गेला होता नमुना म्हणून, त्याने तो 'क्लीन' करून परत दिला. क्लीन शब्द लक्षात ठेवा.

जुलैमध्ये चारही फाईली एकत्र केल्या. बाहेर पाऊस, वाचनालयात गर्दी नाही, ग्रंथपाल मॅडम आणि मी यादी चालवून बघत होतो. मॅडमनी सहज नावातल्या एका शब्दावरून शोधलं, वऱ्हाड. एक पुस्तक आलं. मॅडमनी कपाटातून आणखी तीन आणून टेबलावर ठेवली.

"अहो, पुस्तक माझ्या हातात आहे आणि हा म्हणतो नाही म्हणून!"

यादी नजरेने खाली सरकवत गेलो तर तिन्ही होती की. डोळ्यांना दिसत होती, वऱ्हाड असंच लिहिलेलं, आणि शोधलं की गायब. मग कऱ्हाड टाकून बघितलं, प्रकाशनस्थळाच्या रकान्यात. तिथेही तेच, काही येतात काही नाही. आपलं गावच यादीतून अर्धं उडालंय म्हटल्यावर मॅडम हसायला लागल्या. मला मात्र घाम फुटला, कारण पुढच्या महिन्यात मंडळाला दाखवायचं होतं.

एक लेखक तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी होते. आडनावात ऱ्ह असलेले. अकारविल्हे लावल्यावर त्यांची निम्मी पुस्तकं एका पानावर आणि निम्मी दोन पानं सोडून पुढे, मध्ये दुसरेच लेखक.

आठवडाभर फॉन्ट बदलून बघ, कॉम्प्युटर बदलून बघ असं चाललं. डीटीपीवाला म्हणाला, "दादा, माझ्याकडून बरोबर गेलंय, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल." बरोबरच होतं त्याचं, हे नंतर कळलं. शेवटी पतसंस्थेत रोज वापरतो तेच हत्यार काढलं, लेन फंक्शन. सेलमध्ये किती कॅरेक्टर आहेत ते सांगतं. दोन रांगांमधला 'दुसऱ्या' हा शब्द वेगळा काढला, दिसायला तंतोतंत सारखा. एकाची लांबी आली ७, दुसऱ्याची ८.

म्हणजे एकात काहीतरी जास्तीचं होतं आणि ते दिसत नव्हतं.

मग मिड फंक्शनने एकेक कॅरेक्टर सोडवून त्याला युनिकोड फंक्शन लावलं, ते त्या अक्षराचा नंबर देतं. सातवाल्यात द, उकार, स यांच्यानंतर आलं २३५३, २३८१, मग य आणि काना. आठवाल्यात त्याच जागी २३५२, २३८१, ८२०५. म्हणजे २३५२ हा आपला नेहमीचा र, २३८१ हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, आणि ८२०५ हे झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, ज्याला स्वतःला रुंदीच नाही, शेजारच्या अक्षरांनी कसं जुळायचं एवढंच ते सांगतं. आणि २३५३ हा ऱ, खाली टिंब असलेला. तो मुळात तमिळ-मल्याळममधला कडक र देवनागरीत लिहिण्यासाठी तक्त्यात आहे, पण त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह जोडला की टिंब जातं आणि आपला आडवा अर्धा र तयार होतो.

तर एकाच अक्षराची दोन अंतरंगं. हे बघा, दुसऱ्या आणि दुसर्‍या. तुम्हाला सारखंच दिसणार. पहिल्यात सात, दुसऱ्यात आठ. कॉपी करून लेन लावून बघा, विश्वास ठेवू नका माझ्यावर.

असं का, तर साधा र मोडून पुढे य लावला तर कॉम्प्युटर रफार देतो, सूर्य, कार्य, आर्य. तेच हवं असतं बहुतेक वेळा. पण मराठीत दर्या वेगळा आणि डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या, आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यात तर पंगतीचा फरक आहे. त्यामुळे 'इथे रफार नको, आडवा र हवा' हे सांगायला काहीतरी खूण लागणारच. १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये ती खूण म्हणजे हा अदृश्य जॉइनर होता. नंतर मानकाने ऱ चा पाय मोडायची पद्धत मुख्य धरली आणि जुना मजकूर वाचता यावा म्हणून जॉइनरवाली पद्धतही चालू ठेवली. दोन्ही कायदेशीर, दोन्ही दिसायला एक, आणि शोधणाऱ्या प्रोग्रामला कुणी शिकवलं नसेल तर त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द. युनिकोडच्या मानकाचं बारावं प्रकरण भारतीय लिप्यांचं आहे, त्यात देवनागरीच्या नियमांत हे सगळं लिहिलंय. इंग्रजी जड आहे पण चित्रं आहेत, रात्री जागून तेवढी चार पानं वाचली. देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावर बेतलाय हेही तिथेच कळलं. जाता जाता, नेपाळीतही हाच आडवा र आहे आणि नेपाळी मंडळी तो बहुतेक जॉइनरनेच टाईप करतात, म्हणजे ही फक्त आपली डोकेदुखी नाही.

आता आमच्या फाईलींचा उलगडा झाला. जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट झालेल्या सगळ्या नोंदींत जॉइनर. डीटीपीवाला इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे सरकारमान्य देवनागरी मांडणीवर, टाईप करणारा, त्याच्या नोंदींत ऱ. पोरांच्या फोनवरून आलेल्यात सरमिसळ, ज्याचा जसा कीबोर्ड. आणि तो क्लीन केलेला गठ्ठा, त्यात तिसराच घोळ. त्या गृहस्थांनी फाईलमधली 'नको असलेली अदृश्य कॅरेक्टर्स' काढून टाकली होती, त्यात जॉइनरही गेले. त्यामुळे तिथे वऱ्हाडचं वर्हाड झालं होतं, ह च्या डोक्यावर रफार. शेतकऱ्यांचा शेतकर्यांचा. आणि गंमत म्हणजे वर्हाडची लांबी आणि ऱ वाल्या वऱ्हाडची लांबी सारखीच, ६. म्हणजे लेन लावून हा तिसरा प्रकार पकडता येत नाही, हे लक्षात घ्या, मी दोन दिवस खूष होतो की सगळं सुटलं.

ऑगस्टमध्ये मंडळापुढे गेलो तेव्हा दोन्हीतली कुठली पद्धत ठेवायची हा प्रश्न मांडला. अर्थात सगळ्यांनी 'तुम्हीच ठरवा' म्हटलं, पण मी हट्टाने इतिवृत्तात लिहून घेतलं की यापुढे ऱ चीच पद्धत. कारणं दोन. एक तर मानक तीच मुख्य धरतं. दुसरं म्हणजे अदृश्य गोष्ट फार नाजूक, कुठलाही सॉफ्टवेअरवाला स्वच्छतेच्या नावाखाली ती झाडून टाकतो आणि मागे रफार उरतो. ऱ हे खरंखुरं अक्षर आहे, त्याला कुणी कचरा समजत नाही.

जॉइनरवाल्या नोंदी सुधारणं सोपं निघालं. युनिचार फंक्शन युनिकोड फंक्शनच्या उलटं, नंबर दिला की अक्षर देतं. शेजारी नवा रकाना घेतला आणि सब्स्टिट्यूट, म्हणजे अदलाबदलीच्या, फंक्शनमध्ये सांगितलं की युनिचार २३५२, युनिचार २३८१, युनिचार ८२०५ हे तिन्ही ओळीने जिथे येतील तिथे युनिचार २३५३ आणि युनिचार २३८१ टाक. मध्ये जोडायला अँडची खूण. आकडे मी इथे मराठीत लिहिलेत, सूत्रात इंग्रजीच टाका. मग तो रकाना कॉपी करून फक्त व्हॅल्यूज पेस्ट. सगळी फाईल चहा होईपर्यंत सुधारली. एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरचं हवं, त्याआधीच्यात युनिकोड आणि युनिचार ही दोन फंक्शनं नाहीत. गुगल शीट्समध्ये आहेत. मूळ फाईलची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा हे सांगायला नको.

एक कृपा करा, ८२०५ सरसकट उडवू नका. ते काढलं की मागे साधा र आणि हलन्त उरतो आणि तुम्हीही तिसरा गठ्ठा तयार कराल. आधी बदला, मग उरलेले जॉइनर एकेक करून बघा. आणि ट्रिम किंवा क्लीन फंक्शन या अदृश्य चिन्हांना हात लावत नाहीत, त्यामुळे ती लावून 'आता स्वच्छ झालं' समजू नका. आम्हाला मोजक्या दोन-चार नोंदींत आणखी एक रूप सापडलं, साधा र आणि त्याच्यापुढे वेगळा नुक्ता, म्हणजे सुटं टिंब, २३६४ नंबरचं. युनिकोडच्या हिशेबी तो आणि ऱ एकच, पण शीटला ते कळत नाही, तेही त्याच पद्धतीने बदलून घेतलं.

खरा घाम काढला तो क्लीन गठ्ठ्याने. तिथे र्य चं ऱ्य सरसकट करता येत नाही, कारण सूर्य, धैर्य, सौंदर्य, आश्चर्य, शौर्य यांना रफारच हवा आणि कादंबऱ्यांच्या नावांत या शब्दांना तोटा नाही. र्ह च्या बाबतीत वाटलं होतं की मराठीत रफार असलेला ह असतोच कुठे, सरळ बदलून टाकू. आमचे एक निवृत्त गुरुजी रोज पेपर वाचायला येतात, त्यांनी पेपरमधून मान वर न करता विचारलं, "आणि अर्हता? गर्हणीय?" झालं. मग गुरुजींनाच बसवलं. गणपतीच्या आधी, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, र्य आणि र्ह असलेल्या सगळ्या नोंदी फिल्टर करून छापल्या आणि गुरुजींनी लाल पेनने खुणा केल्या. त्यांनी एक ठोकताळा दिला तो फार कामाचा. मूळ शब्द रा किंवा री ने संपत असेल आणि त्याला प्रत्यय लागून या झाला असेल तर आडवा र, नवरा नवऱ्याचा, वारा वाऱ्यावर, किनारा किनाऱ्यावर, वारकरी वारकऱ्यांचा, सातारा साताऱ्याला. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर रफार. तरी 'आचार्यांच्या' असं काही आलं की पुस्तक उघडून बघावंच लागायचं, आचार्य की आचारी. एका पुस्तकाबद्दल गुरुजी आणि मॅडममध्ये पैज लागली होती, ते निघालं पाककृतींचं.

एकदा हे डोळे फुटले की बाकीची भुतंही दिसायला लागतात. ॲ चंच घ्या. आम्ही ॲड., ॲनी, ॲकॅडमी असे शब्द शोधले तर तिथेही तीन प्रकार. ॲ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ५.१ आवृत्तीत, नंबर २४१८. त्याआधीची मंडळी अ टाईप करून वर चंद्र द्यायची, २३०९ आणि २३७३, आणि काहीजण हिंदीतला ऍ वापरायचे, २३१७. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयात ॲ आणि ऑ आहेत, त्यामुळे मंडळात यावर चर्चाच झाली नाही, सगळं २४१८ वर आणलं. इथे सरसकट बदल चालतो, फसवाफसवी नाही.

वाङ्‌मय हा तर वाचनालयातला रोजचा शब्द, त्यात ङ आणि म च्या मध्ये काहीजण ८२०४ घालतात, जॉइनरचा भाऊ, नॉन-जॉइनर, तो अक्षरं जुळू देत नाही. घातला की ङ चा पाय नीट मोडलेला दिसतो, नाही घातला तर काही फॉन्टमध्ये दोन्ही अक्षरं एकमेकांवर चढतात. दिसायला घातलेलं बरं, शोधायला न घातलेलं बरं.

किमतीच्या रकान्यात काहींनी रु. लिहिलेलं, काहींनी ₹. रुपयाचं चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये आलं, कौतुक वाटावं इतकं झटपट. पण आकड्याच्या रकान्यात ते टाईप केलं की एक्सेल तो आकडा शब्द समजायची शक्यता असते आणि बेरजेतून वगळतो. किमतीत नुसता आकडा, चिन्ह फॉरमॅटमधून.

ऑक्टोबरमध्ये माझा भाचा दिवाळीसाठी लवकर आला, तो बंगळूरला प्रोग्रामिंग करतो. त्याला सगळं दाखवल्यावर म्हणाला, "मामा, यादी सुधारलीस ते ठीक, पण शोधणारा माणूस त्याच्या फोनवरून जॉइनरवालं टाईप करेल त्याचं काय?" खरंच की. त्याने सुचवलेला उपाय साधा होता. यादीत एक लपवलेला रकाना ठेवायचा, त्यात नाव आणि लेखक भरडून घालायचे, म्हणजे ऱ चा र करायचा, जॉइनर, नॉन-जॉइनर आणि नुक्ते काढून टाकायचे, ॲ चे सगळे प्रकार एक करायचे. वाचकाने जे टाईप केलं तेही आधी तसंच भरडायचं आणि मग दोन्ही जुळवून बघायचं. दाखवायचं मात्र मूळ शुद्ध नाव. यात दर्या शोधला की दऱ्याही येतात, येऊ द्यात, दोन पुस्तकं जास्त दिसली तर वाचक तक्रार करत नाही. वाचनालयाच्या दारातल्या कॉम्प्युटरवर हे त्याने एका दिवसात बसवून दिलं, फराळाच्या मोबदल्यात.

नोव्हेंबर-डिसेंबर पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या लेबलांत गेला. लेबल प्रिंटरबरोबर आलेल्या प्रोग्रामला देवनागरी जोडाक्षरं जमतच नव्हती, ऱ, मग सुटा पाय मोडलेला, मग य असं ओळीने छापायचा. त्यात आपल्या फाईलची चूक नसते, अक्षरं जुळवायचं काम त्या प्रोग्रामला येत नाही एवढंच. त्याच्याशी भांडत बसू नका. आम्ही वर्डमध्ये लेबलांचा तक्ता करून पीडीएफ काढली आणि साध्या प्रिंटरवर चिकट कागदावर छापली. कागद महाग पडला, पण डिसेंबरात संपलं.

आता टाईप कसं करायचं ते, कारण मंडळातल्या सगळ्यांना मी हेच शिकवत बसलो होतो. इनस्क्रिप्टवर र हा इंग्रजी जे च्या बटणावर आहे आणि ऱ त्याच बटणावर शिफ्ट धरून. पाय मोडायची खूण डी वर. म्हणून ऱ्या म्हणजे शिफ्ट-जे, डी, मग य साठी स्लॅशचं बटण, मग काना म्हणजे ई. ऱ्हा ला य च्या जागी यू चं बटण. चार दिवसांत बोटांना सवय होते. फोनवर बऱ्याच कीबोर्डांत र दाबून धरला की ऱ वर येतो, नाहीतर शिफ्टच्या पानावर शोधा, मग हलन्त, मग य. आणि वर्डमध्ये काहीच सुचत नसेल तर ०९३१ टाईप करून आल्ट धरून एक्स दाबा, ऱ हजर. हे उलटंही चालतं, कर्सर एखाद्या अक्षराच्या पुढे ठेवून आल्ट-एक्स दाबलं की त्याचा कोड दिसतो, संशयित अक्षर पकडायला यासारखं दुसरं काही नाही. हा कोड दहाऐवजी सोळाच्या पद्धतीने मोजलेला (हेक्साडेसिमल) असतो, म्हणजे इथला ०९३१ आणि शीटमधला २३५३ एकच.

खर्च विचाराल तर टाईपिंगचे बावीस हजारांच्या आतबाहेर, लेबलांचा कागद आणि शाई साडेतीन हजार, जुनी सीडी वाचायला ड्राईव्ह उसना आणला तो फुकट. डीटीपीवाल्याचं उरलेलं बिल जानेवारीच्या सभेत मंजूर झालं. त्याच्या नोंदी सगळ्यात कमी दुरुस्त कराव्या लागल्या हे इतिवृत्तात आवर्जून लिहिलं. पुन्हा कधी काम बाहेर दिलं तर आधी 'दुसऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांचं वाङ्मय, ॲड.' एवढी एक ओळ टाईप करून मागणार आहे आणि नंबर तपासूनच पुढचं बोलणार आहे.

नवीन पुस्तकं येतच असतात. मॅडम आता शिफ्ट-जे झोकात मारतात, पण एक उत्साही सभासद अजून घरून फोनवर नोंदी पाठवतात, त्यांच्या कीबोर्डवर ऱ आहे पण त्यांना तो आवडत नाही, टिंब बघून बिचकतात. त्यामुळे दर शनिवारी नवीन नोंदींवर ८२०५ चा फिल्टर लावायचा, सापडलेल्या बदलायच्या, आणि त्यांना काही सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलंय.